कोणतं तेल चांगलं? : छोट्या गाडीची निगा आणि शब्दप्रमाण



आजचा विषय पाहून काही जणांनी फोन केले, ‘सर, तुम्ही प्रमाणशास्त्र सोडून गॅरेज कधी उघडलंत?’ सोडलेलं नाही. आजही बोलायचं आहे ते प्रमाणांविषयीच, फक्त उदाहरण घटाचं आणि पटाचं न घेता दारात उभ्या असलेल्या गाडीचं घ्यायचं आहे. आणि अमळनेरकरांना हा विषय परका नसावा. १९१६ साली प्रतापशेठजींनी इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. १९४५ साली याच गावात वनस्पती तेलाचा कारखाना निघाला, त्याची पुढे विप्रो झाली. तेव्हा तत्त्वज्ञान आणि तेल या दोन्ही गोष्टी आपल्या गावाच्याच!

आधी एक प्रसंग सांगतो. चूक माझी आहे, म्हणून मोकळेपणाने सांगतो.

निवृत्त झालो त्या सुमाराची गोष्ट. मे महिना. संभाजीनगरहून परत येत होतो. सौ. शेजारी, मागे नात झोपलेली. कन्नडचा घाट उतरायला लागलो. पुढे उसाचा भरलेला ट्रक, त्यामुळे प्रत्येक वळणावर ब्रेक, वळण संपलं की पुन्हा ब्रेक. अर्धा घाट उतरल्यावर पाय पेडलवर ठेवला तर पेडल खालीच गेलं. पायाखाली काही आहे असं वाटेचना, पोकळ. दोन-तीनदा पंप केल्यावर थोडा जोर आला. दुसरा गिअर टाकला, मग पहिला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी टेकवून थांबवली. नात जागीही झाली नाही. माझे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

अर्ध्या तासाने पेडल पुन्हा पूर्वीसारखं घट्ट! सावकाश चाळीसगावला उतरलो. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने गाडी तपासली. पॅड जाड होते, डिस्क ठीक, कुठे गळती नाही, बॉनेटखालच्या डबीत ब्रेक ऑइल खुणेपर्यंत भरलेलं. तो म्हणाला, ‘सर, सगळं ओके आहे.’ तो खोटं बोलत नव्हता. जे दिसतं ते सगळं खरोखरच ठीक होतं.

मग डॅशबोर्डच्या खणातलं कंपनीचं पुस्तक काढलं. प्लॅस्टिकच्या पिशवीतून पहिल्यांदाच. जन्मभर विद्यार्थ्यांना ‘गाइड वाचू नका, मूळ ग्रंथ वाचा’ असं बजावणारा मी. स्वतःच्या गाडीचा मूळ ग्रंथ सात वर्षं उघडला नव्हता. त्यात लिहिलं होतं : ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला. आम्ही सात वर्षांत ते एकदाही बदललं नव्हतं, कमी झालं की फक्त वरून भरलं होतं.

आता कारण पाहू. आपण सगळे त्याला ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो आणि पहिला घोटाळा या नावातच आहे. ते तेल नाही. ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे. तेल समजून कुणी त्या डबीत इंजिन ऑइल ओतलं तर आतले रबरी सील फुगतात आणि ब्रेक निकामी होतात. दुसरी गोष्ट, हे द्रव हवेतलं पाणी शोषून घेतं. आपण पेडल दाबतो तो जोर चाकापर्यंत पोचतो, कारण द्रव दाबलं तरी आक्रसत नाही. पण घाटात ब्रेक तापतात, पाणी मिसळलेलं द्रव लवकर उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. आणि वाफ आक्रसते. आपला सगळा जोर वाफ दाबण्यात जातो. थंड झालं की वाफेचं पुन्हा द्रव, आणि पेडल घट्ट. माझ्या बाबतीत नेमकं हेच घडलं.

डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ लिहिलेलं असतं. कोरं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. पाणी शोषल्यावर ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. झाकणावर जे लिहिलं असेल तेच घ्यावं, बाटली सीलबंद घ्यावी, उघडून वर्षभर पडलेली वापरू नये. वरून भरल्याने जुन्यातलं पाणी निघून जात नाही, हे तर आता सांगायला नको.

आता मुद्द्यावर येऊ. नैयायिक चार प्रमाणं मानतात : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आपल्याला वाटतं की प्रत्यक्ष सर्वांत भक्कम आणि दुसऱ्याचा शब्द सर्वांत कच्चा. गाडीतल्या द्रवांच्या बाबतीत हे उलटं होतं. द्रवाचा गुण रोजच्या वापरात दिसतच नाही, तो टोकाच्या प्रसंगी कसाला लागतो. गावात बाजारपेठेतून घरी येताना सात वर्षांचं ब्रेक फ्लुइडही उत्तम चालतं. म्हणून ‘सर, कोनतंबी टाका, चालस’ असं कुणी म्हणतं तेव्हा त्याचा अनुभव खोटा नसतो, अपुरा असतो. ‘वीस वर्षांत काही झालं नाही’ यावरून ‘काही होणार नाही’ हे अनुमान निघत नाही. कारण ती वीस वर्षं घाटात गेलेली नव्हती.

मग ऐकायचं कुणाचं? आप्ताचं. वात्स्यायनांच्या भाष्यात आप्ताची लक्षणं सांगितली आहेत, त्यांचा आशय असा : ज्याला ती वस्तू खरोखर ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगण्याची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. इंजिन ज्यांनी बनवलं, वॉरंटी ज्यांच्या गळ्यात आहे, त्यांचं पुस्तक या कसोटीला बऱ्यापैकी उतरतं. दुकानदार भला माणूस असेल, पण कोणत्या डब्यावर त्याला जास्त सुटतं हे तो सांगणार नाही.

आता एकेक वस्तू घेऊ.

इंजिन ऑइल. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं काहीतरी असतं. यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याआधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो, जितका लहान तितकं तेल थंडीत पातळ. दुसरा आकडा शंभर अंशांना तेल किती दाट राहतं ते सांगतो. आपल्याकडे ठरलेलं वाक्य आहे : ‘खान्देशचं ऊन आहे, दाट तेल टाका.’ पण बाहेर ४५ अंश असोत की १०, चालतं इंजिन थर्मोस्टॅट नव्वदच्या आसपास ठेवायला बघतो. आणि नव्या इंजिनांतल्या फटी बारीक असतात, दाट तेल सकाळी पहिल्या सेल्फला वरपर्यंत पोचायला वेळ लावतं, ॲव्हरेजही घटतं. जुन्या गाडीच्या पुस्तकात बाहेरच्या तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो. तिथे निवडीला वाव आहे. पुस्तकात एकच ग्रेड दिली असेल तर तीच घ्यावी.

डब्यावर दुसरी खूण असते ती एपीआयची. पेट्रोलसाठी एस आणि पुढे एक अक्षर : एसएल, एसएम, एसएन, एसपी. अक्षर जितकं पुढचं तितका दर्जा नवा. एसपी २०२० मध्ये आला. पुस्तकात एसएन असेल तर एसपी चालतं, उलट नाही.

किती दिवसांनी बदलायचं? बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्यांना दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आम्हा पेन्शनरांची गाडी वर्षाला दोन हजारही चालत नाही, म्हणून आम्ही तेल तीन-तीन वर्षं ठेवतो. पण भाजीबाजारापर्यंतच्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, तेलात उतरलेली ओल उडून जात नाही. कमी चालणाऱ्या गाडीने किलोमीटर नव्हे, कॅलेंडर बघावं. आणि तेल भरताना काडीच्या दोन खुणांच्या मध्ये ठेवावं. जास्त भरलं तर फिरता दांडा ते घुसळून फेस काढतो.

कूलंट. इथे आपण रंगाला भुलतो : ‘आधी हिरवं होतं, हिरवंच द्या.’ रंग हा नुसता टाकलेला रंग असतो, त्याला सर्वमान्य नियम नाही. दोन हिरवी द्रवं आतून वेगळी असू शकतात. जात बघावी. त्यातही तयार मिश्रण आणि घट्ट अर्क असे दोन प्रकार असतात. तयार मिश्रणात पाणी घालू नये, अर्कात डब्यावर सांगितलं तेवढं डिस्टिल्ड वॉटर घालावं. बोअरचं पाणी नको. तुमच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि मे महिन्यात हिशोब मागतो. तापलेल्या इंजिनाचं झाकण कधीही उघडू नका.

आता ‘मोठा आकडा म्हणजे भारी माल’ हा गैरसमज. मॅन्युअल गिअरबॉक्सचं पुस्तक जीएल-४ मागत असेल तर जीएल-५ हे त्याहून वरचं म्हणून टाकू नये. त्यातली गंधकाची रसायनं काही गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना बाधू शकतात. स्पार्क प्लगची गंमत तर आणखी. एनजीकेच्या प्लगवर आकडा वाढला की प्लग थंड जातीचा, बॉशच्या प्लगवर आकडा वाढला की गरम जातीचा! शब्द आणि अर्थ यांचा संबंध संकेताने ठरतो, असं नैयायिक का म्हणतात, ते स्पेअर पार्टच्या काउंटरवर चांगलं कळतं. आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. तो कुणाचा आकडा आहे हे आधी विचारावं.

तसंच ‘बसतो’ आणि ‘चालतो’ यांतला फरक. ऑइल फिल्टरचे आटे जुळले म्हणजे तो बसला. पण आतला कागद कसा आहे, इंजिन बंद झाल्यावर तेल अडवून धरणारी झडप आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही. मग सगळं कंपनीच्याच खोक्यातलं घ्यायचं का? नाही. वायपर, बल्ब, एअर फिल्टर चांगल्या मेकचे बाहेरून घ्यावेत, बिघडले तर दिसतात आणि जीव धोक्यात येत नाही. ब्रेकचं सामान, ऑइल फिल्टर, टायमिंग बेल्ट यांत पैसे वाचवू नयेत. शंभर-दोनशे रुपयांची ही बचत फार महाग पडू शकते. आणि तेलाचा रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला भोक पाडा, नाहीतर त्यातच बनावट तेल भरून तो परत येईल.

एक गैरसमज होऊ नये म्हणून सांगतो. मी मेकॅनिकला कमी लेखत नाही. पॅड किती झिजला, बेअरिंग कुठे वाजतं, सील कुठे पाझरतं हे त्याचा कान आणि बोट जे सांगतं ते कुठलंही पुस्तक सांगणार नाही. तिथे त्याचं प्रत्यक्ष हेच प्रमाण. म्हणून विभागणी साधी आहे : जे दिसतं, ऐकू येतं ते मेकॅनिकला विचारा, जे दिसत नाही ते पुस्तकाला. माझी चूक अशी की जे दिसत नव्हतं तेही मी डोळ्यांनाच विचारत राहिलो.

तेव्हा ‘कोणतं तेल चांगलं?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या इंजिनासाठी, किती दिवसांसाठी, हे जोडल्याशिवाय ‘चांगलं’ या शब्दाला अर्थ येत नाही.

आज घरी गेल्यावर एवढं करा. खणातलं पुस्तक काढा. एका चिठ्ठीवर चार ओळी लिहा : इंजिन ऑइलची ग्रेड, गिअर ऑइलची जात, कूलंटचा प्रकार, ब्रेक फ्लुइडचा डॉट, आणि प्रत्येकापुढे शेवटचं कधी बदललं ती तारीख. तारीख आठवत नसेल तर तेच उत्तर समजा आणि घाटात जाण्याआधी बदलून घ्या.

माझी चिठ्ठी गाडीच्या काचेपाशी असते. अक्षर नातीचं आहे. ती आता गाडी शिकते आहे.