अपुरी झोप आणि डोक्याचा मार
रत्नागिरीकडे कबड्डीचे प्रकाशझोतातले सामने रात्री उशिरापर्यंत रंगतात. पकड करताना चढाईपटूचा गुडघा डोक्यावर बसतो, क्षणभर गरगरतं, आणि पोरगा पुन्हा खेळायला उभा! हे फार घातक आहे. धक्क्याने मेंदू कवटीत हिंदकळतो, पण स्कॅनमध्ये बहुधा काहीच दिसत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, 190 अमेरिकी महाविद्यालयीन खेळाडूंच्या अभ्यासात मध्यम ते तीव्र निद्रानाश असलेल्यांना असा मार बसण्याची शक्यता तिपटीहून जास्त आढळली. जागरणाने प्रतिक्रिया मंदावते, गुडघा चुकवायला उशीर होतो, हे त्यामागचं एक कारण असू शकतं. मार बसल्यावर तर अनेकदा झोपच बिघडते, बरं होणं लांबू शकतं. प्रशिक्षकांनी खेळाडूला आदल्या रात्रीची झोप विचारावी. डोक्याला लागलेल्याला त्या दिवशी बाहेरच बसवावं. उलट्या, वाढती डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणं दिसलं, तर ताबडतोब रुग्णालय गाठावं.