दळीवरची नाचणी : वाण आले, पडिकाचं गणित कोण मांडणार?

रायगड : डोंगरउतारावर नाचणी-वरी घेणाऱ्या शेतकऱ्यासाठी सुधारित वाण आले. पण त्याचा मोठा प्रश्न वेगळाच आहे : एक तुकडा किती वर्षं पिकवायचा आणि किती वर्षं पडीक ठेवायचा?

इंग्रजांच्या काळात वनखात्याने ठाकूर, कातकरी समाजाला कसायला दिलेल्या डोंगरजमिनींना जिल्ह्यात दळी म्हणतात. इथली जुनी रीत फिरत्या शेतीची. पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी, मग तीळ किंवा हरीक. त्यानंतर तो तुकडा सोडायचा, दुसरा धरायचा.

पडीक म्हणजे वाया नाही

कोकणातली माती आम्लधर्मी. झाडपाला जाळला की राखेतून पालाश आणि चुना मिळतो, आम्लता उतरते, तणाचं बी मरतं. नत्र मात्र धुरावाटे निघून जातं. ते भरून काढायला पडीक वर्षं लागतात. झुडपं वाढतात, पाला कुजतो, मुळं माती धरून ठेवतात.

अडचण कुठे?

वनहक्क कायदा, २००६ नुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो. हक्क मिळणं मोठीच गोष्ट. पण मोजणीत फक्त पिकाखालचा तुकडा धरला, तर पडीक तुकडा बाहेर राहतो. मग त्याच मातीत दरवर्षी पीक घ्यावं लागतं आणि उतारा घटतो.

संशोधन कशावर हवं?

१. तीन, पाच, आठ वर्षं पडीक ठेवलेल्या जमिनीत नेमका किती फरक पडतो?
२. तूर, कुळीथ किंवा गिरिपुष्प लावून पडीक काळ कमी करता येईल का?
३. कोकणच्या पावसात उतारावरून किती माती वाहते? दगडी बांध की गवताचे पट्टे, स्वस्तात काय टिकतं?
४. राबासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या तोडाव्या लागतात. त्याला पर्याय काय?
५. पडिकातून मिळणारी रानभाजी, कंद, सरपण उत्पन्नात धरलं तर हिशेब कसा बदलतो?

एका हंगामाच्या प्रयोगाने याची उत्तरं मिळणार नाहीत. पीक आणि पडीक मिळून एक पूर्ण फेरा तरी मोजावा लागेल, आणि तोही सपाट प्रक्षेत्रावर नव्हे, शेतकऱ्याच्याच उतारावर. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ आणि कृषी विज्ञान केंद्रासमोर वाडीवाडीने ही मागणी लेखी ठेवायला हवी. सोबत कोणता तुकडा कोणत्या साली पिकवला, कधी सोडला, याची नोंद वहीत ठेवली तर अभ्यासाची सुरुवात गावातूनच होईल.