लायसन आलं, पण गाडी कोण देणार?

मंडळी, गावातल्या पोराच्या हाती जड वाहनाचं लायसन पडलं, की घरच्यांना वाटतं, उद्यापासून पगार सुरू! पण लाखांची गाडी, वर दुसऱ्याचा माल. मालक दहादा विचार करणारच. तो लायसन पाहतो खरा, पण आधी विचारतो, "तुला ओळखतं कोण?"

म्हणून बाजार समितीत माल नेणाऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर काही महिने क्लीनर म्हणून जावं. यात कमीपणा कसला? ताडपत्री बांधणं, टायरची हवा बघणं, घाट उतरताना गाडी खालच्या गिअरात ठेवणं हे तिथंच कळतं. नुसत्या ब्रेकवर उतरवली तर ब्रेक तापून लागेनासे होतात.

दुसरी वाट टेम्पोची. मालासह एकूण वजन 7,500 किलोपर्यंतची मालगाडी हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. वय मात्र वीस पूर्ण हवं. वर्षभर टेम्पो नीट चालवला, की नाव सांगणारं कोणीतरी मिळतंच.

गाडीवर बसण्याआधी विमा, फिटनेस, परमिट यांच्या तारखा बघाव्यात. समजलं नाही तर गुरुजींना दाखवावं. जादा माल भरला तर केंद्राच्या कायद्यात 20,000 रुपये दंड आहे, वर जादा टनामागे 2,000. आणि कायदा चालवणाऱ्यालाही धरतो. तेव्हा काटा करूनच निघावं. पगार, भत्ता आधी ठरवून घ्यावा. आणि मूळ लायसन मालकाच्या कपाटात ठेवायला देऊ नये.