नागझिऱ्यात ऐकलेली गोष्ट

‘तुंबाड’ म्हटलं की कोसळणारा पाऊस, चिखल आणि पडका वाडा डोळ्यांपुढे येतो. सगळं कोकणातलं. पण या चित्रपटाची ठिणगी पडली ती तिथून शेकडो किलोमीटर दूर, आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या जंगलात. साल १९९३. दिग्दर्शक राही अनिल बर्वे तेव्हा शाळकरी वयाचा होता. नागझिऱ्याच्या सहलीत एका मित्राने त्याला भयकथाकार नारायण धारपांची एक कथा सांगितली आणि पोराची पाचावर धारण बसली. हा किस्सा बर्वेने स्वतःच सांगितलेला आहे.

मला त्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की ती कथा त्याने तेव्हा वाचली नव्हती, ऐकली होती. आणि तीही नागझिऱ्यात.

हे जंगल ज्यांना ठाऊक आहे त्यांना अधिक सांगायला नको. इथल्या विश्रामगृहांत विजेची सोय नव्हती. सूर्य बुडाला की तळं दिसेनासं होतं आणि सगळा कारभार कानांकडे येतो. उन्हाळ्यात सागाच्या वाळक्या पानांवरून साधा उंदीर गेला तरी माणूस चालत आल्यासारखं वाटतं. मध्येच रातवा एका लयीत टकटक करू लागतो, लांबून सांबर ओरडतं, आणि मग काहीच नाही. त्या ‘काहीच नाही’मध्ये माणूस श्वास रोखून बसतो. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीची खात्री करून घेता येते. कानांनी ऐकलेलीची करायची तर उठून तिथवर जावं लागतं. भयकथा आपल्याला पकडते ती नेमकी इथे. जावंसं वाटत नाही, आणि गेल्याशिवाय राहवतही नाही.

धारपांची ‘आजी’ ही कथा याच पेचावर उभी आहे. ‘तुंबाड’मधल्या म्हातारीच्या भागाचं मूळ तिच्यात आहे. घरात एक मूल एकटं आणि आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली आजी. बस्स, एवढंच. स्मशान नाही, अमावास्या नाही. ज्या माणसाच्या कुशीत मुलाने निर्धास्त झोपावं, त्याच माणसाची भीती. वाचताना अंगावर काटा येतो तो यामुळे. भूत बाहेरून आलं तर दार लावून घेता येतं, पण घरातलंच माणूस बदललं तर पळून जायचं कुठे?

या कथेचं बीज स्टीफन किंगच्या ‘ग्रॅमा’चं, १९८४ सालच्या कथेचं. धारपांच्या ‘लुचाई’ कादंबरीचं मूळही किंगच्याच ‘सालेम्स लॉट’मध्ये आहे. धारपांवर उसनवारीचा ठपका ठेवला जातो आणि तो खोटा नाही. पण परक्या गावचं भय मराठी घराच्या माजघरात असं नेऊन बसवायचं की वाचणाऱ्याला आपल्याच घरात उठून दिवा लावावासा वाटावा, ही किमया त्यांची स्वतःची होती. त्यासाठी मी त्यांचा कायमचा ऋणी आहे.

चित्रपटातल्या हस्तर या दैवताचा प्रवास तर याहून लांबचा. अँब्रोझ बिअर्स या अमेरिकन लेखकाच्या १८९१च्या कथेत ‘हस्तुर’ हा मेंढपाळांचा चक्क दयाळू देव होता. पुढच्या लेखकांनी त्याला काळोखात लोटलं, किंगच्या ‘ग्रॅमा’त त्याचं नाव आलं आणि शेवटी तो तुंबाडच्या वाड्यात सोन्यापाशी येऊन बसला.

बर्वेने पहिला मसुदा लिहिला तो १९९७मध्ये, अठराव्या वर्षी. पुढे ७०० पानांचा स्टोरीबोर्ड काढला. २०१२मध्ये चित्रीकरण झालं, पण संकलनानंतर समाधान होईना. पुन्हा लिहून, पुन्हा चित्रित करून काम संपायला २०१५ उजाडलं. प्रदर्शन २०१८मध्ये. त्या वेळी चित्रपट बेताचाच चालला. २०२४मध्ये पुन्हा लागला तेव्हा मात्र पहिल्यापेक्षा जास्त गल्ला जमला.

पडद्यामागची आणखी एक गोष्ट कळल्यावर मी म्हातारीचा भाग पुन्हा लावून पाहिला. नायकाच्या मुलाचं, पांडुरंगचं काम करणारा मोहम्मद समद हा बालकलाकारच त्या भयंकर म्हातारीच्या रंगभूषेखाली आहे. त्या जीर्ण देहाच्या हालचालींत काहीतरी विचित्र चपळ वाटत होतं, त्याचं कारण मला तेव्हा उमगलं. देह म्हातारीचा, ताकद पोराची. डोळ्यांना हिशेब लागत नाही आणि मन बिथरतं.

भीतीदायक काय वाचू, असं विचारणाऱ्याला म्हणूनच मी पुस्तकाबरोबर जागाही सुचवतो. धारपांची ‘आजी’ एकट्याने वाचू नका. चार माणसं गोळा करा, दिवे मालवा, एकाने बॅटरीच्या उजेडात मोठ्याने वाचावं आणि आतल्या खोलीशी आल्यावर थोडं थांबावं. रत्नाकर मतकरींच्या ‘खेकडा’ आणि ‘मध्यरात्रीचे पडघम’मधल्या कथा मात्र एकट्याने वाचायच्या, कारण त्यांचं विष सावकाश भिनतं आणि शेजारी कुणी बोलणारं असलं की ते उतरतं. हृषीकेश गुप्तेंची ‘अंधारवारी’ त्यानंतर. आणि नागझिऱ्याला मुक्कामाला निघालातच तर धारप पिशवीत राहू द्या. घरून एक कथा नीट पाठ करून न्या, आणि जेवणं उरकल्यावर सांगा.