व्यंगचित्र काढले तर राजद्रोह होतो का?

जुहूच्या नेहरूनगर वस्तीत आम्ही मुलांसोबत जयंतीचे फलक रंगवत होतो. एका मुलाने बुलडोझर काढला. त्यावर चालकाऐवजी सत्तेची खुर्ची आणि चाकाखाली रेशनकार्ड. चित्र सगळ्यांना आवडले, पण दुसऱ्याने लगेच विचारले, “ताई, हे लावलं तर पोलीस उचलतील का?” या प्रश्नाचे उत्तर मुंबईतल्याच एका खटल्यात आहे. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला ते माहीत असायला हवे.

न्यायालय काय म्हणाले?

नोव्हेंबर 2011 मध्ये अण्णा हजारे यांच्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाच्या मुंबईतील सभेत असीम त्रिवेदी यांची व्यंगचित्रे लावली गेली. एका चित्रात सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंहांच्या जागी लांडगे होते आणि खाली ‘भ्रष्टमेव जयते’. संविधानाचा आणि राष्ट्रचिन्हांचा अपमान झाल्याची तक्रार झाली. सप्टेंबर 2012 मध्ये त्रिवेदींना अटक झाली. भारतीय दंड संहितेचे कलम 124अ, म्हणजे राजद्रोह, लावले गेले. त्यांनी जामीन मागायला नकार दिला. शेवटी एका वकिलाच्या जनहित याचिकेवर उच्च न्यायालयाने त्यांना जामिनावर सोडण्याचा आदेश दिला.

मार्च 2015 मध्ये अंतिम निकाल आला. या चित्रांत विनोद दिसत नाही, फक्त संताप दिसतो, असे न्यायालयाने म्हटले. पण हिंसेला चिथावणी नसेल आणि सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवण्याचा हेतू किंवा कल नसेल, तर तेवढ्यावरून अभिव्यक्ती स्वातंत्र्य हिरावता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1962 च्या केदारनाथ सिंह खटल्यात हीच कसोटी घालून दिली होती.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने पोलिसांसाठी परिपत्रक काढले. लोकप्रतिनिधींवरील टीकाही राजद्रोहात येईल, असा त्याचा अर्थ निघत होता. न्यायालयात आव्हान मिळाल्यावर ऑक्टोबरमध्ये ते मागे घ्यावे लागले.

पुढे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 124अ स्थगित ठेवले. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात ‘राजद्रोह’ हा शब्द नाही, पण देशाच्या एकतेला व सार्वभौमत्वाला धोका पोहोचवणाऱ्या कृत्यांसाठीचे कलम 152 आहे आणि त्यात दृश्य चित्रणाचाही उल्लेख आहे. म्हणून फलकावरच्या त्या मुलाची भीती अनाठायी नाही.

आपली जखम, आपली जबाबदारी

व्यंगचित्राचा घाव आपल्या समाजाने सोसला आहे. शंकर यांच्या 1949 च्या चित्रात बाबासाहेब संविधानरूपी गोगलगायीवर बसलेले आहेत आणि मागे चाबूक घेतलेले नेहरू. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकातील या चित्रावरून मे 2012 मध्ये संसदेत गदारोळ झाला, चित्र काढून टाकण्याचे सरकारने जाहीर केले. पण पुण्यात प्रा. सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोडही झाली.

तो राग खरा होता, तोडफोड मात्र चूक होती. ‘भावना दुखावल्या’ एवढ्या कारणाने अटक झाली पाहिजे, असे आज आपण म्हटले, तर उद्या तेच कारण आपल्या मुलाच्या बुलडोझरला लावले जाईल. त्याची भरपाई कोणताही मोठा नेता करणार नाही. आपल्याकडे दुसरा मार्गही आहे. व्यंगचित्रकार उन्नमती श्याम सुंदर यांनी बाबासाहेबांवरची जुनी व्यंगचित्रे शोधून, त्यांतला जातीय पूर्वग्रह उलगडून ‘नो लाफिंग मॅटर’ हे पुस्तक 2019 मध्ये आणले. चित्राला उत्तर अभ्यासाने दिले.

सत्तेची टिंगल आणि जातीवरून हिणवणे यांत फरक आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला जातीवरून हेतुपुरस्सर अपमानित करणे हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे आणि तो राहिलाच पाहिजे. मंत्र्याची खुर्ची ही जात नाही.

म्हणून चित्र काढताना मुलांना आम्ही तीन गोष्टी सांगतो. रोख निर्णयावर आणि अधिकारावर ठेवा, कुणाच्या जन्मावर, धर्मावर किंवा शरीरावर नको. मारा, जाळा अशी चिथावणी नको. आणि चित्रातली माहिती खरी असू द्या. नोटीस आली असेल तर तिची प्रत जपून ठेवा. पोलिसांनी बोलावले तर एकट्याने जाऊ नका, वकील सोबत घ्या.

संविधान सभेने अभिव्यक्ती स्वातंत्र्यावरच्या बंधनांतून ‘राजद्रोह’ हा शब्द 1948 मध्ये वगळला होता. कलम 19 वाचताना ही गोष्ट मुलांना जरूर सांगा.

बुलडोझरचा फलक आम्ही जयंतीला लावला. खाली कलम 19(1)(अ) लिहिले होते. जय भीम!