धरमतर ते डोव्हर

धरमतरच्या खाडीपासून गेटवे ऑफ इंडियापर्यंतचं सागरी अंतर सुमारे 35 किलोमीटर. मुंबईकडच्या लांब पल्ल्याच्या जलतरणपटूंच्या पिढ्या या वाटेवर घडल्या. इथे पोहायचं तर आधी तिथी बघावी लागते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात मुंबईच्या समुद्राची पातळी चार मीटरहून अधिक वर-खाली होते आणि प्रवाहाला जोर चढतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा तोच जोर ओसरतो. खाडीतून बाहेर पडायचं ते ओहोटीचं पाणी धरून. वेळ चुकली आणि पाणी उलटं फिरलं, की समोर किनारा दिसत असतानाही हात मारत राहायचं आणि जागचं हलायचं नाही. म्हणून पुष्कळदा पाण्यात उतरायची वेळ मध्यरात्रीनंतरची येते. सोबतच्या बोटीवरचा दिवा धरून पोहायचं, वाटेत जेलीफिशचे चटके, बंदराजवळ तेलाचा तवंग आणि हाताला लागणारं प्लास्टिक.

या साऱ्याला हिंमत लागते, यात शंका नाही. पण आपल्या मुलींच्या पोहण्याबद्दल लिहिताना आपण हिंमतीपाशीच थांबतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हार घातलेला फोटो छापून येतो, तिची वेळ मात्र बातमीच्या तळाशी कुठेतरी असते किंवा नसतेच. गायिकेच्या आवाजाबद्दल अवाक्षर न काढता तिच्या मेहनतीचंच कौतुक करावं, तसा हा प्रकार आहे.

सुरुवात डॉली नाझीरपासून करायला हवी. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकला स्वतंत्र भारताने प्रथमच महिला खेळाडू पाठवल्या. त्या चौघींपैकी दोघी मुंबईच्या होत्या: धावपटू मेरी डिसूझा आणि जलतरणपटू डॉली नाझीर. डॉली 100 मीटर फ्रीस्टाइल आणि 200 मीटर ब्रेस्टस्ट्रोक अशा दोन शर्यतींत उतरल्या. त्यांच्याबरोबर होती बंगालची आरती साहा, वय अवघं अकरा. आदल्याच वर्षी या चिमुरडीने 100 मीटर ब्रेस्टस्ट्रोकमधला डॉलींचा अखिल भारतीय विक्रम मोडला होता. पुढे 1959 मध्ये हीच आरती इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई महिला ठरली. पहिला प्रयत्न फसल्यावर सुमारे महिन्याभराने ती पुन्हा उतरली आणि 16 तास 20 मिनिटांत पार झाली.

हा आकडा लक्षात ठेवावा, कारण 1987 मध्ये मुंबईच्या अनिता सूद यांनी तीच खाडी 8 तास 15 मिनिटांत पार केली. जवळजवळ निम्म्या वेळेत! अनिता मुळात तलावातल्या स्पर्धक. 1983 चा अर्जुन पुरस्कार त्यांच्याकडे खाडीत उतरण्याआधीच होता. डोव्हरपासून फ्रान्सचा किनारा सरळ रेषेत 33-34 किलोमीटरवर आहे. म्हणजे दर शंभर मीटरला साधारण दीड मिनिट, आणि तेही आठ तास अखंड. आजही तरणतलावात जाऊन कुणी दीड मिनिटात शंभर मीटर मारून पाहावेत. एकदा जमलं तरी दम लागेल. हा वेग निव्वळ जिद्दीने येत नाही. तो खांद्याच्या फिरकीतून, श्वासाच्या लयीतून, वर्षानुवर्षं घटवलेल्या स्ट्रोकमधून येतो.

त्या खाडीचे नियमही कडक. अंगावर साधा पोहण्याचा पोशाख, टोपी आणि गॉगल, बस्स. ऊब धरणारा वेटसूट चालत नाही, आणि पाणी भर उन्हाळ्यातही पंधरा ते अठरा अंशांचं. मुंबईच्या कोमट समुद्रात वाढलेल्या मुलीला सगळ्यात आधी या गारठ्याची सवय करावी लागते. खाणं-पिणं बोटीवरून येतं, दोरीला बांधलेल्या बाटलीतून किंवा काठीच्या टोकाच्या पेल्यातून. पाण्यात पाय मारत तरंगायचं, चार घोट घ्यायचे, बाटली सोडायची, पुढे निघायचं. बोटीला आधारासाठी हात लागला की प्रयत्न बाद. निरीक्षक बोटीवर बसून सगळं टिपत असतो. हे घोट घेण्यात वेळ गेला की अंग गार पडतं आणि प्रवाह वाटेवरून ढकलतो, म्हणून या थांब्यांचाही सराव करावा लागतो.

अनिता यांच्या पुढच्याच वर्षी, 1988 मध्ये, आरती प्रधान जिब्राल्टरची सामुद्रधुनी पोहून जाणाऱ्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. आणि 1994 मध्ये रूपाली रेपाळे बाराव्या वर्षी इंग्लिश खाडीत उतरली आणि पार झाली. आता तिथे किमान वयाची अट 16 वर्षांची आहे. ही अट मला योग्यच वाटते. पण त्यामुळे रूपालीचं पोहणं तसूभरही लहान होत नाही.

अलीकडचं नाव जिया राय. मुंबईत वाढलेली, नौदलातल्या वडिलांची ही मुलगी ऑटिझमसह जगते. मार्च 2022 मध्ये तेराव्या वर्षी ती श्रीलंकेतल्या तलाईमन्नारहून धनुष्कोडीच्या टोकाशी आली, 13 तास 10 मिनिटांत. बंगालच्या बुला चौधरींसारख्या कसलेल्या जलतरणपटूने 2004 मध्ये याच पाल्कच्या सामुद्रधुनीत नोंदवलेली वेळ होती 13 तास 52 मिनिटं. जुलै 2024 मध्ये जियाने इंग्लिश खाडीही 17 तास 25 मिनिटांत पार केली. तिच्या प्रत्येक बातमीत ऑटिझम पहिल्या ओळीत होता. बुला चौधरींची वेळ मागे टाकणं हीही पहिल्या ओळीत जाण्याजोगी गोष्ट होती.

तलावात तर कौशल्य आणखी बारीक होतं. नागपूरच्या कांचनमाला पांडे या दृष्टिहीन जलतरणपटू. त्यांच्या एस-11 गटात सर्वांनाच काळा केलेला गॉगल लावावा लागतो, म्हणजे थोडंफार दिसण्याचा फायदाही कुणाला मिळू नये. मग भिंत आली हे कळायचं कसं? काठावर एक माणूस लांब काठी घेऊन उभा असतो. काठीच्या टोकाला मऊ गोळा. भिंतीपाशी येताना तो डोक्यावर किंवा पाठीवर हलकेच टेकवला जातो, आणि त्या एका स्पर्शावर वळण घ्यायचं. स्पर्श क्षणभर उशिरा झाला तर डोकं भिंतीवर, लवकर झाला तर वेळ वाया. 200 मीटर मेडलीत तर चार वेगवेगळ्या स्ट्रोकमधून हे जमवायचं. 2017 च्या डिसेंबरात मेक्सिको सिटीतल्या जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत याच शर्यतीचं सुवर्ण कांचनमालांनी जिंकलं. त्याच वर्षी बर्लिनच्या स्पर्धेला गेल्या असताना सरकारी पैसे वेळेत न पोहोचल्याने त्यांना परक्या शहरात लोकांपुढे हात पसरावा लागला होता. तशाही स्थितीत त्यांनी तिथे रौप्यपदक मिळवलं. त्या प्रसंगाचा राग मला अजून येतो.

नव्या पिढीत मुंबईची अपेक्षा फर्नांडिस आहे. 2022 मध्ये पेरूतल्या लिमा इथे ज्युनिअर जागतिक स्पर्धेत ती 200 मीटर बटरफ्लायच्या अंतिम फेरीत पोहोचली. तिथवर याआधी एकही भारतीय मुलगी गेली नव्हती. बटरफ्लायचे 200 मीटर म्हणजे पोहण्यातली सर्वांत निर्दय शर्यत, शेवटच्या पन्नास मीटरला हात पाण्याबाहेर निघता निघत नाहीत.

आणि ऋजुता खाडे. 2023 च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण ऋजुताने महाराष्ट्राला मिळवून दिलं. त्याच दिवशी पुरुषांची तीच शर्यत तिचा नवरा, कोल्हापूरचा ऑलिंपियन वीरधवल खाडे याने जिंकली. मथळे अर्थातच नवरा-बायकोच्या जोडीचे आले. पन्नास मीटरची शर्यत तीस सेकंदांच्या आत संपते. ब्लॉकवरून उडी, पाण्याखालच्या डॉल्फिन किक, मग भिंतीपर्यंत श्वास जवळजवळ न घेता सपाट झेप. ऋजुताची ती शर्यत सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकेका टप्प्यानिशी, कुणीतरी नीट लिहायला हवी होती.