फुग्यातला वायू कोणता?

जत्रेत दोरा सुटताच आकाशात झेपावणारा फुगा पुष्कळदा हायड्रोजनने भरलेला असतो. काही फुगेवाले लोखंडी टाकीत कॉस्टिक सोडा, पाणी आणि ॲल्युमिनियमचे तुकडे घालून हा वायू तयार करतात. या अभिक्रियेत उष्णता व दाब वाढून टाकी फुटू शकते. शिवाय हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन मिसळला, की पेट घ्यायला एक ठिणगी पुरते.

हेलियम महाग, पण तो जळत नाही. हायड्रोजनने १०० ग्रॅम उचलले, तर तेवढाच हेलियम सुमारे ९३ ग्रॅम उचलतो. मात्र तो गमतीनेही हुंगू नका. प्राणवायूअभावी माणूस गुदमरतो.

तेव्हा मित्रांनो, फुगे मेणबत्त्यांपासून दूर बांधा आणि फुगेवाल्याच्या टाकीजवळ घुटमळू नका.